भूतकाळ नोव्हेंबरमध्ये शिकवतात

बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला विद्यापीठात फी पडत नाही, ही गोष्ट ऑर्टन फॉल्समध्ये आर्डिस टॉलेफसनइतकी पक्की कुणालाच ठाऊक नव्हती. एकतीस वर्षं ती पोस्टात होती. दर ऑगस्टला विद्यापीठाची हिरवी पत्रकं गठ्ठ्यानं यायची आणि गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांत ती सरकवायचं काम तिचं. कोण पत्रक घडी घालून खिशात ठेवतं आणि कोण दारातल्या डब्यात टाकून जातं, तेही तिला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र तिनं निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अर्ज भरला. विषय लिहिला स्पॅनिश, पहिली पायरी.

त्याला कारण होतं. गावाबाहेरच्या टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात ग्वातेमालाहून, होंडुरासहून माणसं कामाला येऊ लागली, तशी ती आर्डिसच्या खिडकीवरही येऊ लागली. घरी पार्सलं पाठवायची, पत्रं आली का विचारायची. आर्डिस हातवारे करायची, हसायची, बोटांनी आकडे दाखवायची, काम भागायचं. पण एकदा एक बाई खिडकीशी उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली आणि सांगता सांगता रडायला लागली. आर्डिसनं तिला कागदी रुमाल दिला, दुसरं काय देणार? बाई निघून गेली आणि पुन्हा काही दिसली नाही. ती काय सांगत होती, हे आर्डिसच्या डोक्यातून जाईना.

विद्यापीठाच्या कचेरीतल्या मुलीनं तिला नियम समजावून सांगितला. "फी नाही, परीक्षेचीही सक्ती नाही. पण आधी बाकीच्या मुलांना जागा मिळणार. आठवडाभरानं ज्या उरतील, त्या तुमच्या."

"उरतील का?"

"सकाळी दहाच्या तासाला दोन उरल्यात बघा."

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी आर्डिस नवी वही आणि टोक केलेल्या चार पेन्सिली घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. वीस-बावीस पोरंपोरी बसलेली. पहिल्या रांगेत खिडकीशी दोन बाकं एकमेकांना चिकटवलेली. त्यातलं एक रिकामं होतं आणि दुसऱ्यावर, मांडीवर पर्स घेऊन, पाठ ताठ करून तिची नणंद लवोन बसली होती.

या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आमच्या मिनेसोटात भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. दोघी एकाच चर्चमध्ये जायच्या. एक डावीकडे बसायची, एक उजवीकडे. किराणा दुकानात समोरासमोर आल्या की दोघींनाही अचानक दुसऱ्या ओळीतलं काहीतरी आठवायचं. लवोन आर्डिसच्या नवऱ्याची, व्हर्लिनची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, जिल्हा कचेरीत दप्तर सांभाळण्यात आयुष्य गेलं, आणि भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण. व्हर्लिन नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंची विक्री होती, आणि तिथल्या टेबलावर, तव्यांच्या आणि इस्त्र्यांच्या गर्दीत, लवोनला व्हर्लिनचा अकॉर्डियन दिसला. त्यांच्या वडिलांनी त्याला आठव्या वर्षी आणून दिलेला. ती कोट काढून टेबलापर्यंत पोहोचेस्तोवर आयोवाहून आलेला कुणी एक गृहस्थ तो काखेत मारून निघूनही गेला. लवोननं कॉफीच्या किटल्यांभोवती उभ्या असलेल्या सगळ्या बायांसमोर आर्डिसला सुनावलं, "माझ्या भावाचं अंथरूण तरी गार होऊ द्यायचं होतंस!" आर्डिस काहीच बोलली नाही. तेव्हा नाही, पुढची नऊ वर्षंही नाही.

आता तिला पाय मागे घ्यावासा वाटला. पण शिकवणारी मुलगी तोवर जवळ येऊन पोहोचली होती. बोलिव्हियाची होती, नायरा नावाची. सत्तावीस-अठ्ठावीसची, ठेंगणी, आणि सकाळी दहालाही उत्साहानं उतू जाणारी.

"तुम्ही आर्डिस टॉलेफसन! आणि या लवोन टॉलेफसन! बहिणी ना?"

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

"मग तर छानच. आज ओळख करून घ्यायचाच धडा आहे. तुमची दोघींची जोडी. वर्षअखेरपर्यंत जोड्या बदलायच्या नाहीत."

लवोनला खरं म्हणजे जलरंगांच्या वर्गाला जायचं होतं. तिथं जागा उरली नव्हती. हे आर्डिसला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही स्पॅनिशमधून. पाटीवर वाक्य होतं, 'तुम्हाला काय आवडतं?' आणि लवोननं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "मला आवडतो रंग. रंग वर्ग, खुर्ची नाही. मला नाही आवडत इथे." त्यांचं स्पॅनिश जसं होतं तसंच इथं दिलं आहे.

नायरानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं की इंग्रजीत समोरच्याला एकच शब्द आहे, स्पॅनिशमध्ये दोन. घरच्याला, मित्राला 'तू'. परक्याला, साहेबाला 'तुम्ही'. "वर्गात आपण सगळे एकमेकांना तू म्हणू." लवोननं हात वर केला.

"मी तुम्ही म्हणणार."

"पण दोन्या लवोन, त्या तुमच्या वर्गमैत्रीण आहेत." वडीलधाऱ्या बाईला नायरा आदरानं दोन्या म्हणायची.

"म्हणूनच."

झालं. पोरंपोरी इकडे तू-तू करत खिदळत असायची आणि पहिल्या रांगेत मात्र दरबार भरल्यासारखं चालायचं.

"तुम्ही कुठे राहता?" आर्डिस विचारायची. लवोन कुठे राहते ते तिला पन्नास वर्षं ठाऊक होतं.

"मी राहतो पांढरी घर. तुम्ही काय खाता सकाळी?"

"मी खातो एक अंडा. तुमचा मांजर कसा आहे?"

"माझा मांजर मेला आहे."

हे आर्डिसला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या पायांचं ते मांजर व्हर्लिननंच गोठ्यातून उचलून बहिणीला आणून दिलं होतं. वाईट वाटलं हे कसं सांगायचं ते चौथ्या धड्यात होतं आणि त्या होत्या दुसऱ्यात. तिनं पाठ्यपुस्तकात पुढं पानं चाळली, शब्द शोधला आणि बोटानं दाखवला. लवोननं तो वाचला, मान किंचित हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "आज वार कोणता आहे?"

भांडायची सोयच नव्हती. भांडायला शब्द लागतात आणि दोघींजवळ मिळून दीडशे होते. त्यांतले निम्मे भाज्यांचे. शिवाय सगळं वर्तमानकाळात. काल नव्हता, गेलं वर्ष नव्हतं, मार्च महिना फक्त महिन्यांच्या यादीत होता. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला, मेपलची पानं लाल होऊन गळून गेली, आणि दोघी सोमवार-बुधवार-शुक्रवार एकमेकींना विचारत राहिल्या: तुमचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत? तुम्हाला भूक आहे का? तुमची खोली मोठी आहे की छोटी?

एकदा नायरानं 'असणे'ची दोन क्रियापदं शिकवली. माणूस मुळात जो आहे त्याला एक. सध्या जसा आहे त्याला दुसरं. मी उंच आहे, हे पहिलं. मी दमलेली आहे, हे दुसरं. आर्डिसनं हात वर केला.

"विधवा आहे, याला कोणतं?"

नायरानं खडू खाली ठेवला. "दोन्ही चालतात, दोन्या आर्डिस. कुणी हे म्हणतं, कुणी ते."

आर्डिसनं वहीत दोन्ही वाक्यं लिहून घेतली. शेजारच्या बाकावरची पेन्सिल थांबलेली तिला जाणवली, पण तिनं मान वर केली नाही.

त्या दिवसांत घरी एकटी असतानाही आर्डिस बडबडायची. फ्रीज उघडून आतल्या एकेका जिनसेचं नाव घ्यायची. एकदा किराणा दुकानात तिनं हिय्या करून मालाची खोकी मांडणाऱ्या एका मेक्सिकन म्हाताऱ्याला अंडी कुठं आहेत ते विचारलं. तो आधी गोंधळला, मग इतका हसला की त्याला खोक्याला टेकावं लागलं. "सेन्योरा," तो म्हणाला, "तुम्ही आत्ता मला सांगितलंत की तुम्ही अंडं आहात." पण त्यानं तिला अंड्यांपर्यंत नेऊन सोडलं, आणि त्यानंतर ती दिसली की दुरूनच हात करायचा. आर्डिसला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. शुक्रवारी तिनं ते लवोनला सांगितलं, होतं त्या शब्दांत: "मी दुकानात. मी म्हणतो, मी अंडा आहे. माणूस हसतो, हसतो." लवोनचे ओठ हलले. तिनं पटकन पर्समधून रुमाल काढला आणि खोकल्यासारखं केलं. नणंदेला हसू आवरत नाही तेव्हा ती खोकते, हे आर्डिस विसरलेली नव्हती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नायरानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भूतकाळ.

"आता तुम्हाला गोष्टी सांगता येतील!" ती म्हणाली. "झालेल्या, घडलेल्या, खऱ्याखुऱ्या! जोडीदाराला विचारा, काल काय केलंस?"

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. आर्डिसनं रूपांच्या तक्त्यावर बोट ठेवून सुरुवात केली. "काल मी धुतलो खिडकी. मी केलो कॉफी. तुम्ही काय केलात?"

"काल मी प्यायलो सूप," लवोन म्हणाली. मग तिनं समोरचा कागद उलटा करून ठेवला. "नऊ वर्ष आधी. मार्च. तुम्ही काय केलात?"

आर्डिसनं तक्त्यावरचं बोट उचललं.

"मी रडलो," ती म्हणाली.

"नंतर?"

"मी झोपलो नाही."

"नंतर?"

"मी... धुतलो खिडकी."

"नंतर तू दिलास अकॉर्डियन!" लवोनचा आवाज चढला. अकॉर्डियनला स्पॅनिशमध्येही जवळजवळ तोच शब्द आहे, त्यामुळे ती कुठं अडली नाही. "तू! तू दिलास! परका माणूसला! का?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून नायरा आनंदानं ओरडली, "शाब्बास, दोन्या लवोन! 'दिलास', अगदी बरोबर! आणि 'तू'सुद्धा म्हणालात!"

लवोनला ते ऐकूही गेलं नाही. ती आर्डिसकडे बघत होती.

व्हर्लिननं आर्डिसकडून वचन घेतलं होतं. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला होता, ती अकॉर्डियनची पेटी घरातून घालव, पण लवोनला देऊ नकोस. ती दिवाणखान्यात मांडून ठेवील आणि दर रविवारी फडकं मारता मारता रडेल. आणि का घालवलीस ते तिला सांगूही नकोस, तिच्या मनाला लागेल. इंग्रजीत कुणी विचारलं असतं, तर आर्डिसजवळ टाळायला शंभर वाक्यं होती. असंच गं, जागा कमी होती, काय सांगू, जाऊ दे. स्पॅनिशमध्ये त्यांतलं एकही तिला येत नव्हतं. तिला येत होतं ते एवढंच.

"व्हर्लिनला आवडत नाही अकॉर्डियन."

"भूतकाळ!" लवोन दात आवळून म्हणाली.

"आवडला नाही."

"एक दिवस?"

"सगळे दिवस. लहान व्हर्लिन, आवडला नाही. मोठा व्हर्लिन, आवडला नाही. आजारी व्हर्लिन, आवडला नाही." आर्डिस आता रडायच्या बेतात होती. "तो बोलला, लवोनला बोलू नको. लवोन दुःखी."

लवोन उठली. कोट घातला, एकेक बटण सावकाश लावलं, आणि तास संपायच्या वीस मिनिटं आधी वर्गातून निघून गेली.

बुधवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. नायरानं विचारलं, "माझं काही चुकलं का?" आर्डिस म्हणाली, "नाही गं पोरी, तू भूतकाळ फार चांगला शिकवलास." पण दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. वचन मोडलं ते मोडलं, आणि वर भावामागे राहिलेल्या एकट्या बहिणीच्या काळजाला घरं पाडली. मग तिनं स्वतःशीच वाद घातला की व्हर्लिननं सांगू नकोस म्हटलं होतं, ते इंग्रजीत म्हटलं होतं. एवढ्या पळवाटेवर व्हर्लिन हसला असता, एवढं नक्की.

शनिवारी दुपारी तिनं हॉटडिश केलं, खिमा, बीन्स आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांची ओळ लावलेलं, नेहमीचंच. भांडं टॉवेलात गुंडाळलं, दोन तासांच्या गृहपाठाचे कागद काखेत घेतले आणि ती लवोनच्या पांढऱ्या घराची पायरी नऊ वर्षांनी चढली.

दार उघडलं. लवोननं आधी भांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आत ये की. दार सताड उघडं टाकून सगळ्या गल्लीला ऊब द्यायची आहे का?"

स्वयंपाकघरात लवोननं न विचारता कॉफी ओतली. दोघी टेबलाशी बसल्या. इंग्रजी बोलायचं म्हणजे दोघींनाही जरा अवघडल्यासारखंच झालं. शब्द फार होते, कुठला उचलावा कळेना.

"तू त्या दिवशी खोटं बोललीस का?" लवोननं विचारलं.

"तेवढं स्पॅनिश येत असतं तर बोलले असते."

लवोननं कपातला चमचा उगाचच फिरवला. "मी पाच दिवस आठवत बसलेय. बाबा पेटी काढ म्हणाले की व्हर्लिनला नेमकं गोठ्यात काहीतरी बघायचं असायचं. मला वाटायचं, काय कामसू पोरगा आहे!"

"तो तुझ्यासाठी वाजवायचा. दर ख्रिसमसला पहिली तूच म्हणायचीस, व्हर्लिन, काढ पेटी. टाळ्यासुद्धा सगळ्यांत जास्त तुझ्याच."

"मग काय करणार? कुणीच काही म्हणेना. पोराला वाईट वाटेल म्हणून मी म्हणायचे."

आर्डिसनं कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मला तो आवाज कधी सहनच झाला नाही. पोट फुगलेली गाय कण्हावी तसा आवाज. पन्नास वर्षं ऐकला मी तो, आर्डिस! त्याचं मन राखायला!"

"आणि तो पन्नास वर्षं वाजवत होता..."

"...माझं मन राखायला."

आधी लवोन खोकली. मग तिचा खोकला तिच्या हाताबाहेर गेला. आर्डिसनं तोंडावर हात दाबला, तरी उपयोग झाला नाही. दोन म्हाताऱ्या टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. एक जरा थांबली की दुसरी "गाय" म्हणायची आणि पुन्हा सगळं सुरू.

डोळे पुसून झाल्यावर आर्डिसनं विचारलं, "मग तळघरात तू एवढी चिडलीस ती कशाला?"

लवोन खिडकीकडे बघून म्हणाली, "दुसरं काय मागणार होते मी? तू त्याची बायको. टोपी तुझी, घड्याळ तुझं, त्याचा चष्माही तुझाच. आमच्या घरातून आलेलं म्हणून हक्कानं मागावं असं तेवढं एकच होतं. आवाज कसा का असेना."

आर्डिसला हे नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "टोपी देऊ तुला?"

"आता नको. तेव्हा हवी होती." लवोन उठली, दोन ताटल्या आणल्या आणि हॉटडिश वाढायला घेतलं. "मीठ अजून कमीच घालतेस. बरं, आण ते कागद इकडे. बुधवारी काय काय झालं?"

"बुधवारी अनियमित क्रियापदं."

"किती?"

"अठरा."

"अरे देवा," लवोन म्हणाली आणि तिनं चष्मा चढवला.

डिसेंबरमध्ये तोंडी परीक्षा होती. फी नसलेल्यांना ती द्यायची सक्ती नव्हती, पण लवोननं ऐकलं नाही. "चार महिने फुकटात बसलो, आता घाबरून पळालो म्हणतील!" नायराच्या इवल्याशा खोलीत प्रत्येक जोडीला सात मिनिटं. समोरच्या वाटीतून चिठ्ठी उचलायची. आर्डिसनं उचलली. 'कुटुंबातल्या एका माणसाविषयी सांगा.'

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"व्हर्लिन," आर्डिस म्हणाली. "माझा नवरा. तो होता उंच."

"नाही," लवोन म्हणाली. "माझा भाऊ होता बुटका. तू होतीस जास्त बुटका."

"तो होता चांगला. तो उठला सकाळी चार. तो बोलला थोडा."

"तुझ्याजवळ बोलला थोडा! माझ्याजवळ बोलला खूप! टेलिफोन, रविवार, दोन तास!"

"मला माहीत! मी ऐकलो! भिंत पातळ!"

नायरानं चुका लिहायला घेतलेलं पेन केव्हाच खाली ठेवलं होतं आणि ती हनुवटीला हात लावून ऐकत बसली होती. सात मिनिटं होऊन गेली. दहा झाली. दारावर टकटक झाली. पुढची जोडी, बास्केटबॉल खेळणारी दोन लांबलचक पोरं, दारातून आत डोकावली. लवोननं त्यांच्याकडे वळून न बघताच म्हटलं, "दोन मिनिट!" आणि हात वर केला तो चार बोटं दाखवून. "आता मी बोलतो ट्रॅक्टर. वर्ष एकोणीसशे त्र्याहत्तर. व्हर्लिन गेला ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर गेला तलावमध्ये."

"तलाव नाही!" आर्डिस म्हणाली. "डबका!"

"तलाव!"

"छोटी डबका! पाणी इथे!" आर्डिसनं खुर्चीतून उठून गुडघ्याला हात लावून दाखवला.

लवोनही उठली आणि तिनं हात गळ्याशी नेला. दारातल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं, पाठीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून दोघंही जमिनीवर बसले.